हाडं भरली हे कशावरून ठरवायचं?

पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात हे आता बऱ्यापैकी सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि त्याच्या मागोमाग लेझर अ‍ॅक्युपंक्चरच्या जाहिरातींमध्ये गुडघेदुखी, मायग्रेन, झोप न येणं या नेहमीच्या यादीत ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार, पण येऊन बसलंय. सुई नाही, दुखणं नाही, गोळ्यांचे साइड इफेक्ट नाहीत, एवढी सिटिंग्ज घ्या आणि बोन डेन्सिटी वाढवा. मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. दुखण्यासाठी कोणी लेझर घेत असेल तर खुशाल घ्यावं, पण हाडांच्या झिजेवरचा इलाज म्हणून हे विकायला आज तरी परवानगी असू नये, आणि खरं-खोटं ठरवायचं काम घाबरलेल्या बाईच्या डोक्यावर टाकण्यापेक्षा ते राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलने आणि आरोग्य खात्याने अंगावर घ्यावं.

लेझर अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे सुईच्या जागी लेझरचा बारीक झोत, पॉइंट तेच. पहिला लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला, आणि १९६७ मध्ये बुडापेस्टला एन्ड्रे मेस्टर यांना उंदरांवर प्रयोग करताना दिसलं की कमी ताकदीच्या लेझरखाली भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवतायत, तिथून पुढे या लो-लेव्हल लेझरचा सगळा प्रवास सुरू झाला. ऑपरेशनमध्ये कापायला वापरतात तो लेझर वेगळा, हा काही मिलिवॅट ते फार तर पाचेकशे मिलिवॅटचा, लाल किंवा इन्फ्रारेड, कातडीला ऊबसुद्धा फारशी जाणवत नाही. हाडांसाठी जे पॉइंट घेतात ते म्हणजे कमरेवरचा शेनशू, घोट्याच्या आतल्या बाजूचा ताइशी, त्याच्या वर चार बोटांवर सानयिनज्याओ, गुडघ्याखाली झुसानली. चिनी वैद्यकात हाडं आणि मज्जा मूत्रपिंडाच्या ताब्यात असतात, म्हणून हाडं खंगली की मूत्रपिंडाची शक्ती उणी झाली असं धरतात आणि ती भरून काढणारे पॉइंट निवडतात. आपल्या आयुर्वेदातही हाड हे वाताचं स्थान मानलंय. म्हातारपणी हाडं खंगतात हे दोन्ही परंपरांनी डोळसपणे टिपून ठेवलं होतं आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण परंपरेवरचा हा विश्वास लेझरच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही, लेझर त्या परंपरेत नव्हताच, त्याचं त्याला वेगळं सिद्ध करावं लागेल.

आता हाडात काय चालतं ते बघा. हाड ही जिवंत गोष्ट आहे, आयुष्यभर तिथे एका बाजूला जुनं पाडणारे मजूर काम करत असतात आणि दुसऱ्या बाजूला नवं रचणारे गवंडी. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक असेपर्यंत पाडणाऱ्यांवर लगाम असतो, पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, लगाम सुटतो, गवंड्यांना पाडकामाचा वेग गाठता येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांची वीस टक्क्यांपर्यंत हाडाची घनता जाऊ शकते. आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य बायकांच्या मानाने लवकर जाते, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे ही गळती पण लवकर सुरू होते, वर ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी. आणि हे सगळं होताना काहीही दुखत नाही. विरळ झालेलं हाड मोडेपर्यंत आवाज करत नाही, कधी मनगट, कधी मणका, कधी खुबा. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचात एक वर्षभरात दगावतं, आणि जे वाचतात त्यातले बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे हिंडत-फिरत नाहीत, घरातल्या घरात वॉकर आणि कमोड एवढ्यावर आयुष्य येतं.

हे न दुखणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. माझी मावशी बासष्टची, कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा) उणे २.७, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या उणे २.५ या रेषेच्या खाली, ऑस्टिओपोरोसिसच. डॉक्टरांनी आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेट ही हाडांची झीज रोखणारी गोळी लिहून दिली होती. ती गोळी बंद करून मावशी एका लेझर सेंटरला जायला लागली, नाव घेत नाही. पाठ खरंच थांबली तिची. मला म्हणाली, "अगं, आधी ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं, आता पोळ्या लाटते सगळ्यांच्या." मी म्हटलं, "पाठ मोकळी झाली हे छानच झालं गं मावशी, पण हाडांचं काय?" तर म्हणते, "तेच तर सांगतेय तुला, हाडं भरली म्हणून तर पाठ थांबली ना!"

आता तिचं काय चुकलं सांगा. सेंटरमध्ये तिला हेच सांगितलं होतं आणि अंगाला तसाच अनुभव आला होता. पण पाठदुखी बहुतेक वेळा स्नायूंची, सांध्यांची, मणक्यांमधल्या गादीची असते, आणि लेझरने दुखणं कमी होतं याला थोडाफार आधार आहेसुद्धा, मानदुखीवरच्या सोळा ट्रायल्स एकत्र करून २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रिव्ह्यू आला होता, त्यात काही आठवडे तरी फायदा दिसला होता. केमोथेरपीत तोंड सोलवटतं त्यासाठी पण हा प्रकाश आता कॅन्सरचे डॉक्टर वापरतात. म्हणजे हे यंत्र निव्वळ थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. पण हाड विरळ होणं मुळात दुखतच नाही, तर दुखणं थांबल्यावरून हाड भरलं असा निष्कर्ष निघेलच कसा? दुखणं कमी झाल्याने मावशीला बरं वाटत होतं आणि तेवढ्या वेळात गोळी बंद, म्हणजे आत गळती चालूच.

मग आला दुसरा पुरावा, रिपोर्ट. तीन महिन्यांनी तिने परत डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, काढला, दुसऱ्या सेंटरला, कारण तिथे पॅकेजमध्ये स्वस्त पडत होता. टी-स्कोअर उणे २.५. घरात आनंद. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, मशीन वेगळ्या कंपनीचं. डेक्सा हे चांगलं मशीन आहे पण त्याची स्वतःची चूक असते, त्याच बाईला टेबलावरून उठवून परत झोपवलं तरी आकडा एक-दोन टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून त्याच मशीनवर तीन ते पाच टक्क्यांच्या आतला बदल असेल तर तो बदलच धरत नाहीत, आणि वेगळ्या मशीनचे आकडे तर सरळ एकमेकांशी लावायचेच नसतात. वर साठीनंतर मणक्यांना हाडाची टोकं फुटतात, स्पॉन्डिलोसिस म्हणतात ते, ती पण स्कॅनमध्ये मोजली जातात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. शिवाय हाडाचं पाडणं-रचणं असं एक चक्र पुरं व्हायलाच काही महिने जातात, त्यामुळे औषध चालू असलं तरी डॉक्टर वर्ष-दोन वर्षांनी स्कॅन काढायला सांगतात. तीन महिन्यांत उणे २.७ चं उणे २.५ झालं याचा अर्थ काहीच झालं नाही असाही होऊ शकतो. अशा रिपोर्टांचे आधी-नंतरचे फोटो जाहिरातीत लावलेले मी पाहिलेत तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ते कागद खरे असतात, बाई खरी असते, तिचा आनंदही खरा असतो, फक्त त्यातून काढलेला अर्थ तेवढा खरा नसतो.

आणि समजा आकडा खरोखर वाढला, चांगला सणसणीत वाढला, तरी पुरे का? याचं उत्तर १९९० मध्येच मिळून गेलंय आणि ते प्रत्येक थेरपिस्टने वाचावं असं आहे. त्या काळी फ्लोराइडने हाडं घट्ट होतात म्हणून ते ऑस्टिओपोरोसिसला द्यायचे. अमेरिकेत २०२ बायकांवर चार वर्षांची ट्रायल झाली, अर्ध्यांना सोडियम फ्लोराइड, अर्ध्यांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी, कॅल्शियम सगळ्यांना. फ्लोराइडवाल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता पस्तीस टक्क्यांनी वाढली. पस्तीस! आजच्या भारीतल्या औषधांनाही असा आकडा सहसा दिसत नाही. आणि फ्रॅक्चर? मणक्यांची लक्षणीय कमी झाली नाहीत, बाकीच्या हाडांची उलट वाढली, ७२ विरुद्ध २४. गवंड्यांनी भिंत जाड रचली पण कच्ची रचली. तेव्हापासून हाडांच्या औषधाला एकच खरा प्रश्न विचारतात की बायकांची हाडं कमी मोडली का? लेझर अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने जे अभ्यास दाखवतात ते माझ्या वाचनात आले तेवढे सगळे छोटे, काही महिन्यांचे, रक्तातली मार्कर्स (हाडाच्या पाडकाम-रचकामाच्या खुणा) किंवा स्कॅनचा आकडा मोजणारे, नाहीतर अंडाशय काढलेल्या उंदरांवरचे. त्यातून पुढे शोध घ्यायला हरकत नाही, पण बाईला सांगायला, की ही सिटिंग्ज घेतलीस तर तुझा खुबा वाचेल, ते पुरत नाही.

आता ज्या गोळीला मावशी घाबरली तिच्याकडे बघू. अ‍ॅलेंड्रोनेटची १९९६ ची ट्रायल, आधीच मणका मोडलेल्या २,०२७ बायका, तीन वर्षं. एक्स-रेमध्ये नवीन मणका मोडलेला दिसला खोट्या गोळीवाल्यांत १५ टक्के, औषधवाल्यांत ८ टक्के. खुबा मोडला २.२ टक्के विरुद्ध १.१ टक्के. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, २००७ मध्ये साडेसात हजारांहून जास्त बायकांवर तपासलं, मणक्यांची फ्रॅक्चर्स ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी. साइड इफेक्ट आहेत, लपवायचं कारण नाही. जबड्याचं हाड मरणं, जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं, ते ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला वर्षाकाठी दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी, कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत जास्त. मांडीचं हाड विचित्र जागी मोडणं हे जास्त वर्षं गोळी चालू ठेवली तर वाढतं, म्हणून पाचेक वर्षांनी डॉक्टर परत हिशोब बघतात आणि बऱ्याच जणींची गोळी काही काळ थांबवतात. हे सगळं मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. गोळी कशी घ्यायची हेसुद्धा नाही, की सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती चहाबरोबर घ्यायची आणि परत पाच मिनिटं पडायची, मग छातीत जळजळणारच, आणि चहाबरोबर घेतलेली गोळी अंगाला फारच कमी लागते ते वेगळंच. नंतर एका डॉक्टरीणबाईंनी निवांत बसून समजावलं तेव्हा तिने गोळी परत सुरू केली, पाठीसाठी लेझरलाही जाते अजून, दोन्हीचं भांडण नाहीच आहे.

बायका लेझरकडे का वळतात याचं उत्तर इथेच आहे आणि ते डॉक्टर लोकांना आवडणार नाही. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, त्यात "वयोमानाने होतंच, कॅल्शियम घ्या" एवढं बोलणं होतं. लेझरवाल्याकडे अर्धा तास झोपायला मिळतं, कुणीतरी नाडी बघतं, झोप लागते का विचारतं, घाम येतो का विचारतं, आयुष्यात पहिल्यांदा बाईला आपल्या शरीराबद्दल एवढा वेळ बोलायला मिळतो. हा वेळ हा खरा उपचार आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. सोसायटीत फुकट हाडतपासणी शिबिर होतं तिथे टाचेला अल्ट्रासाउंडचं छोटं मशीन लावून कागद हातात देतात, त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करायचं नसतं, पण बायका तो कागद वर्षानुवर्षं जपून ठेवतात, आणि खरा डेक्सा तालुक्याच्या गावाला शोधून सापडत नाही. सरकारी योजनांमध्ये बाई ठळक दिसते ती गरोदर असताना, पन्नाशीनंतर ती कुणाच्याच फायलीत नीटशी नसते. ही पोकळी आरोग्य व्यवस्थेने ठेवली म्हणून त्यात जाहिरात शिरली.

पण पोकळी आहे म्हणून त्यात काहीही भरू द्यायचं का? लेझरवाल्यांचं एक उत्तर मी नेहमी ऐकते की अ‍ॅक्युपंक्चरला खोट्या गोळीसारखी तुलना लावताच येत नाही, सुई टोचली की माणसाला कळतंच. सुईबद्दल हे बऱ्याच अंशी मान्य. पण लेझरबद्दल हे उत्तर चालत नाही, उलट लेझर हा ट्रायल करायला सगळ्यात सोपा उपचार आहे, कारण तो जाणवतच नाही. इन्फ्रारेड असेल तर दिसतही नाही. आतून बंद केलेलं आणि चालू असलेलं अशी दोन एकसारखी यंत्रं घ्या, कुठलं कुठलं ते बाईलाही माहीत नाही आणि चालवणाऱ्यालाही माहीत नाही, तोच अर्धा तास, तीच विचारपूस, तेच पॉइंट. दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सारखं, ज्यांना गोळीची गरज आहे त्यांची गोळी चालू ठेवून, त्याच मशीनवर डेक्सा, आणि निदान दोन-तीन वर्षं फ्रॅक्चर मोजायची. जे पंथ पुराव्यापासून पळतात त्यांच्याकडे काहीतरी सबब असते, लेझरवाल्यांना ती सबब त्यांच्या यंत्रानेच ठेवलेली नाही. आणि जर खरोखर फायदा निघाला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही, सुईविना, गोळीविना खुबे वाचले तर कोण नको म्हणेल?

कातडीतून प्रकाश किती आत जातो हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. काही मिलिमीटर, फार तर दोनेक सेंटिमीटर, आणि खुबा आणि मणक्याचा मुख्य भाग त्याहून बरंच खोल. पण थेरपिस्ट म्हणतात की आम्ही हाडावर प्रकाश पाडतच नाही, पॉइंटवरून नसांमार्फत शरीराला निरोप जातो. ठीक, तसं असेल, निरोप पोचला की नाही ते फ्रॅक्चर मोजल्यावर कळेल.

महाराष्ट्राचा आणि अ‍ॅक्युपंक्चरचा संबंध तसा जुना आहे. १९३८ मध्ये जे पाच डॉक्टर वैद्यकीय मदतीसाठी चीनला गेले त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते, त्याच तुकडीतले कोलकात्याचे विजयकुमार बसू नंतर पन्नाशीच्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि ते भारतात रुजवलं. पुढे केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि आपल्या राज्याने तर स्वतंत्र कायदा करून कौन्सिल उभं केलं. मान्यता मागताना थेरपिस्टांचं, आम्हाला डॉक्टरांच्या बरोबरीने जबाबदार धरा, हेच मागणं होतं ना? मग ती जबाबदारी इथे दाखवायची वेळ आहे. कौन्सिलने नोंदणीकृत थेरपिस्टांना सांगावं की ऑस्टिओपोरोसिस बरा करतो, बोन डेन्सिटी वाढवतो असं जाहिरातीत लिहायचं नाही. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असलेल्या बाईला डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करायला सांगायचं नाही, आणि सिटिंग सुरू करण्याआधी मराठीत एका कागदावर लिहून द्यायचं की हा उपचार दुखण्यासाठी आहे, याने फ्रॅक्चर टळतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. हे सगळं करायला एक परिपत्रक पुरेल. आणि आरोग्य खात्याने निदान जिल्हा रुग्णालयात तरी डेक्सा आणि ही जुनी, पेटंट संपलेली, स्वस्तात मिळू शकणारी आठवड्याची गोळी नेमाने ठेवावी, आणि ती कशी घ्यायची हे सांगायला एक नर्सताई बसवावी.

औषधाशिवाय काही करायचंच असेल तर व्यायामाकडे वळा, त्याच्यासाठी पुरावा तरी आहे. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ असलेल्या १०१ बायकांवर प्रयोग झाला, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, ट्रेनरच्या देखरेखीखाली चांगलं वजन उचलायला लावलं, आठ महिन्यांत मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. फ्रॅक्चर कमी झाली का हे एवढ्या छोट्या प्रयोगातून कळत नाही, तोच निकष मी इथेही लावते, पण वजन उचलल्याने पाय आणि तोल सुधारतो, आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळेच. आपल्याकडे साठीच्या बाईने बारबेल उचलायची म्हटलं की घरचे घाबरतात, पण तीच बाई पाण्याच्या कळशा आणि नातवंडं आयुष्यभर उचलत आलेली असते. देखरेख मात्र हवी, मणका आधीच मोडलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि थेरपिस्टांपैकी जे मनापासून काम करतात, आणि असे बरेच आहेत, त्यांना एक विनंती. साठीची बाई तुमच्याकडे अचानक सुरू झालेली पाठदुखी घेऊन आली, गेल्या काही वर्षांत तिची उंची कमी झाली असेल, खांद्यातून वाकली असेल, जुना ब्लाउज मागून अपुरा पडायला लागला असेल, तर लेझर हातात घ्यायच्या आधी तिला मणक्याच्या एक्स-रेला पाठवा. तो मोडलेला मणका असू शकतो, आणि एक मणका मोडला की दुसरा मोडायची शक्यता पुढच्या वर्षभरातच सगळ्यात जास्त असते.